छोट्या कंबस्टरमध्ये कोणतं विमान-इंधन ज्योत धरून ठेवतं?

भोवरा

नमस्कार मंडळी. इंजिनांवर इथे बरंच लिहून झालंय, पण ज्योत विझण्यावर स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून हा काढतेय.

मी पुण्यात ज्वलनावर काम करते. आमच्याकडे एक छोटा कंबस्टर, म्हणजे इंजिनात इंधन जळतं त्या कक्षाची छोटी प्रतिकृती आहे. चार बोटं व्यासाची क्वार्ट्झची पारदर्शक नळी, तिच्या तळाशी हवेला गरगर फिरवणारा स्वर्लर आणि मधोमध इंधनाचा बारीक फवारा मारणारा नोझल. हवा ब्लोअरमधून हीटरमध्ये आणि तिथून आत. हवेचा प्रवाह आणि तापमान कायम ठेवायचं आणि इंधन हळूहळू कमी करत न्यायचं. सुरुवातीला ज्योत नोझलला चिकटून असते. मग बुडाशी सुटते, वर उचलली जाते आणि भोवऱ्याच्या मधल्या भागात नुसती धडपडत राहते. एका बाजूने जवळजवळ जाते, दुसऱ्या बाजूने पुन्हा पेट घेते. आणि मग एका क्षणी नळी रिकामी. ज्या इंधन-हवा प्रमाणाला हे होतं, ती त्या इंधनाची लीन ब्लोआऊटची सीमा. सीमा जितकी खाली, तितकी ज्योत चिवट.

हे का महत्त्वाचं? विमान खाली आणताना पायलट थ्रॉटल मागे घेतो. इंधन लगेच कमी होतं, पण कंप्रेसर जडत्वाने फिरतच असतो, त्यामुळे हवा तितक्या लवकर कमी होत नाही. काही क्षण कंबस्टरमध्ये हवा फार आणि इंधन थोडं अशी स्थिती येते. त्या क्षणी ज्योत टिकलीच पाहिजे.

आम्ही चार प्रकार लावून पाहतोय. पहिलं रोजचं जेट ए-१, म्हणजे आपण ज्याला एटीएफ म्हणतो ते. दुसरं जेपी-५ च्या जातीचं जड केरोसीन. विमानवाहू जहाजावर आगीचा धोका कमी राहावा म्हणून त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, किमान ६० अंश ठेवतात, जेट ए-१ ला ३८ पुरतो. तिसरं हेफा, म्हणजे तेला-तुपावर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेलं. चौथं आयसोब्युटेनॉल या अल्कोहोलपासून केलेलं, एटीजे (अल्कोहोल-टू-जेट).

चारही इंधनांत किलोमागे उष्णता साधारण सारखीच, ४३ मेगाज्यूलच्या आसपास. ज्योतीचा मूळ वेगही एकमेकांपासून फार लांब नाही. तरीही हवा चांगली तापवलेली असली की एटीजे सगळ्यात आधी विझतं आणि हेफा सगळ्यात शेवटपर्यंत तग धरतं. हवा आणि इंधन दोन्ही गार ठेवलं की क्रम बदलतो, तेव्हा जेपी-५ ची पंचाईत होते. माझा एक अंदाज आहे, पण आधी तुमचं ऐकायचंय.

निवृत्त फिटर

ताई, धागा उत्तम. हवाई दलात इंजिनांवर आयुष्य गेलं, आता लोहगावच्या बाजूलाच स्थायिक आहे. पुस्तकी उत्तर केमिस्ट्रीवाले देतील, मी मैदानातलं सांगतो.

ज्योत विझणं ही एक गोष्ट आणि पुन्हा पेटवणं ही दुसरी. दोन्ही एकाच मापाने मोजू नका. विझलेलं इंजिन वर पेटवायचं तर हवा विरळ आणि थंडगार, टाकीतलं इंधन तासन् तास गारठलेलं. अशा वेळी नोझलमधून फवारा येतच नाही, जाड थेंब येतात. जेट ए-१ ला उणे ४७ अंशांच्या वर गोठायची परवानगी नाही, पण गोठण्याच्या कितीतरी आधीच ते घट्ट होऊ लागतं.

आणि फक्त इंधनाकडे बघू नका. २४ मे १९८८ ला टाका एअरलाइन्सचं बोइंग ७३७ न्यू ऑर्लिन्सजवळ उतरत होतं. इंजिनं कमी ताकदीवर, समोर तुफान पाऊस आणि गारा. दोन्ही इंजिनं विझली. पुन्हा पेटली, पण ताकद देईनात. शेवटी पायलटने बंधाऱ्याशेजारच्या गवतावर विमान सुखरूप टेकवलं. इंधनात काहीही खोट नव्हती. आत गेलेल्या पाण्याने ज्योतीची उष्णता खाल्ली. सीमा जवळ असली की धक्का कशाचाही पुरतो.

मॉडेलजेट

मी छोटी टर्बाइन लावलेली रिमोटची जेट विमानं उडवतो. आमचं इंजिन म्हणजे तुमच्या कंबस्टरचाच भाऊ, फक्त नोझलऐवजी आत वाकड्या नळ्या असतात. इंधन त्या तापलेल्या नळ्यांत शिरतं, वाफ होऊन बाहेर पडतं आणि मग जळतं. घरात पूर्वी पितळी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे लगेच कळेल. आधी काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. घाई केली की रॉकेल वाफ न होता तसंच उसळायचं आणि पिवळा भडका व्हायचा.

रॉकेल मिळणं अवघड झाल्यापासून आमच्यातले बरेच जण डिझेलवर आलेत, त्यात चार-पाच टक्के टर्बाइन ऑइल बेअरिंगसाठी. डिझेलवर गार इंजिन सुरू करताना धूर फार आणि कधीकधी मागून ज्योत बाहेर येते. पण नळ्या तापल्या की रॉकेल आणि डिझेल यांत मला तरी फरक जाणवलेला नाही. थ्रॉटल झटकन खाली आणला तरी विझत नाही.

डिझेल रॉकेलपेक्षा जड, म्हणजे ते जास्त विझायला हवं ना? हे कोडं मला सुटलेलं नाही.

कार्बनसाखळी

मॉडेलजेट, तुमच्या कोड्यातच भोवराताईंचं उत्तर आहे. डिझेल जड आहे हे खरं, पण त्याचा सेटेन नंबर चांगला असतो. बीएस-६ डिझेलला किमान ५१ सेटेनची अट आहे. एकदा वाफ झाली की ते झटकन पेट घेतं. जडपणाचा त्रास फक्त वाफ होईपर्यंत.

मी रसायनशास्त्राच्या बाजूने लिहिते. सेटेन म्हणजे गरम हवेत फवारल्यावर इंधन ठिणगीशिवाय किती लवकर स्वतःहून पेटतं त्याचं माप. डिझेलमध्ये हे पूर्वीपासून मोजतात. विमान-इंधनात मात्र कुणी फारसं विचारत नसे, जेट ए-१ च्या मानकात सेटेनची अटच नाही. अमेरिकेत सरकारी संस्था, हवाई दल, विद्यापीठं आणि इंजिन कंपन्यांनी मिळून जेट इंधनांच्या ज्वलनावर मोठा कार्यक्रम केला, त्यात निरनिराळ्या कंबस्टरमध्ये निरनिराळी इंधनं जाळून पाहिली. तेव्हा दिसलं की तापलेल्या कंबस्टरमध्ये ब्लोआऊटची सीमा सगळ्यात जास्त या सेटेनशी जुळते. साधारण जेट ए (जेट ए-१ चं अमेरिकेतलं भावंड) चा सेटेन ४८ च्या घरात, जेपी-५ चा ३९ च्या आसपास, हेफा ६० च्या जवळ. आणि आयसोब्युटेनॉलपासून केलेल्या एटीजेचा फक्त १७. हो, सतराच. ब्लोआऊटमध्ये तेच सगळ्यात मागे राहिलं.

कारण रेणूच्या आकारात आहे. हेफामध्ये कार्बनच्या सरळ किंवा थोड्याच फांद्या असलेल्या साखळ्या असतात. सरळ साखळी तापली की तिचे तुकडे होऊन मुख्यतः एथिलीन निघतं, आणि एथिलीन भराभर जळतं. त्या एटीजेमध्ये दाट फांद्यांचे रेणू, बहुतेक आयसोडोडेकेन आणि थोडं आयसोहेक्झाडेकेन. ते मोडले की आयसोब्युटीन निघतं. आयसोब्युटीन आळशी आहे. ज्या रॅडिकल्सच्या, म्हणजे चटकन क्रिया करणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांच्या जोरावर ज्वलनाची साखळी पुढे सरकते तीच ते गिळून बसतं आणि त्यातून बनणारे रॅडिकल्स थंडपणे टिकून राहतात. एकूण उष्णता तेवढीच, पण ती मिळायला उशीर होतो. भोवऱ्यात गॅस थांबतो तो काही मिलिसेकंद, तिथे हा उशीर परवडत नाही.

म्हणून 'सिंथेटिक इंधन' या एका नावाखाली सगळं घालू नये असं मी कळकळीने सांगेन. फिशर-ट्रॉप्श पद्धतीने, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जोडून केलेली दोन इंधनं घ्या. नैसर्गिक वायूपासून केलेल्या एस-८ चा सेटेन ५९ च्या आसपास आहे आणि कोळशापासून केलेल्या सासोलच्या आयपीके या इंधनाचा ३१ च्या. पद्धत एक, फांद्या वेगळ्या, आणि ज्योतीचा स्वभाव पार वेगळा.

साखरपट्टा

वाचतोय, छान चाललंय. मी इंजिनिअर नाही. घरचा ऊस आहे आणि मळीपासून होणाऱ्या इथेनॉलवर आमच्या कारखान्याचं बरंच अवलंबून आहे. आता त्यातून विमानाचं इंधन करणार म्हणतात. वरचं वाचून काळजी वाटली. अल्कोहोलपासून केलेलं इंधन सगळ्यात आधी विझतं, मग विमानात कसं चालेल? पुण्याहून एक विमान असं इंधन घालून उडालं होतं ना?

भोवरा

साखरपट्टा, प्रश्न अगदी योग्य आहे आणि घाबरण्यासारखं काही नाही.

आधी त्या विमानाबद्दल. १९ मे २०२३ ला एअरएशिया इंडियाचं पुणे-दिल्ली विमान देशी सस्टेनेबल इंधनाचं मिश्रण घेऊन गेलं. ते आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या साथीने देशी कच्च्या मालापासून केलं होतं. पण मिश्रणात त्याचं प्रमाण फार तर एक टक्का होतं, बाकी नेहमीचं एटीएफ. एवढ्याने ज्योतीला काहीही फरक पडत नाही. त्याआधी २७ ऑगस्ट २०१८ ला स्पाइसजेटचं डेहराडून-दिल्ली विमान जट्रोफाच्या तेलापासून केलेलं इंधन एका इंजिनात २५ टक्के मिसळून उडालं होतं. ते डेहराडूनच्या आयआयपी या पेट्रोलियम संशोधन संस्थेत तयार झालेलं, हेफाच्या जवळच्या कुळातलं. ज्योतीच्या दृष्टीने ते चांगलंच.

दुसरी गोष्ट, ही इंधनं सध्या निव्वळ वापरायला परवानगीच नाही. एएसटीएम डी७५६६ या मानकात प्रत्येक पद्धतीला मिश्रणाची कमाल मर्यादा ठरलेली आहे. एटीजेला २०१६ मध्ये ३० टक्के मिळाली आणि २०१८ मध्ये ती ५० झाली. शिवाय तयार मिश्रणात किमान ८ टक्के अरोमॅटिक्स, म्हणजे बेंझिनसारखी कडी असलेले रेणू हवेत, नाहीतर जुन्या विमानांतली रबरी सीलं आकसतात आणि गळती सुरू होते. परवानगी देण्याआधी कंबस्टरमध्ये ब्लोआऊट आणि रीलाइट (विझल्यावर पुन्हा पेटणं) तपासतात.

तिसरी आणि तुमच्यासाठी महत्त्वाची. १७ सेटेनचं जे इंधन आहे ते आयसोब्युटेनॉलचं. त्या अल्कोहोलच्या रेणूतच फांदी असते आणि ती पुढे इंधनात उतरते. इथेनॉलची वाट निराळी. इथेनॉलमधून पाणी काढून आधी एथिलीन करायचं, मग एथिलीनचे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या. फांद्या किती येतील हे उत्प्रेरकावर आणि प्रक्रियेवर ठरतं, म्हणजे ते कारखान्याच्या हातात आहे. माझं म्हणणं एवढंच की इथेनॉलपासून इंधन करणाऱ्यांनी घनता आणि फ्लॅश पॉइंटबरोबर सेटेनवरही पहिल्यापासून नजर ठेवावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताचं उद्दिष्ट २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के आहे. पाच टक्क्यांनाही ज्योतीचा प्रश्न येणार नाही. पण उद्या पन्नास आणि परवा शंभर टक्क्यांची भाषा होईल तेव्हा हा आकडा फार मोलाचा ठरेल.

आता माझा अंदाज, जो कार्बनसाखळी आणि मॉडेलजेट यांनी जवळजवळ मांडलाच आहे. ज्योत टिकायची तर दोन कामं ठरावीक वेळेत व्हायला हवीत. थेंबाची वाफ व्हायला हवी आणि त्या वाफेने पेट घ्यायला हवा. ज्या कामाला जास्त वेळ लागतो ते सीमा ठरवतं. हवा तापलेली आणि फवारा बारीक असेल तर वाफ पटकन होते, मग रसायन बोलतं आणि एटीजे हरतं. सगळं गार असेल तर थेंब मोठे होतात, आणि थेंबाचा व्यास दुप्पट झाला की वाफ व्हायला चौपट वेळ लागतो. मग चिकटपणा आणि उकळबिंदू बोलतात आणि जेपी-५ हरतं. त्यामुळे 'हे इंधन जास्त स्थिर' असं नुसतं म्हणण्याला अर्थ नाही. किती तापलेल्या हवेत आणि कुठल्या नोझलमधून, हे सोबत सांगितलंच पाहिजे.

चाचणीकक्ष

सहमत, आणि यात थोडा इतिहास जोडतो. टर्बाइन-ज्वलनाचे अभ्यासक आर्थर लेफेव्हर यांचं १९८५ चं ब्लोआऊटचं सूत्र आम्ही सगळे वापरत आलो. त्यात थेंबाचा आकार आहे, बाष्पीभवनाचा वेग आहे, उष्णतामूल्य, दाब, तापमान, हवेचा प्रवाह, कंबस्टरचं आकारमान सगळं आहे. इंधनाच्या पेट घेण्याच्या रसायनाला मात्र जागा नाही. तेव्हाची सगळी इंधनं खनिज तेलातली, सेटेन फारसा बदलत नसे, त्यामुळे उणीव दिसलीच नाही. नवी इंधनं आल्यावर दिसली.

आता मोजमापाबद्दल थोडं कडक बोलतो, कारण छोट्या कंबस्टरमध्ये घोळ इथेच होतो.

पुण्याची हवा. तुमची नळी वर उघडी असेल तर आतला दाब म्हणजे पुण्याचा दाब, साधारण ९४५ मिलीबार. समुद्रसपाटीला १०१३. लेफेव्हरच्या सूत्रात दाबाचा घात १.३ आहे, म्हणजे तोच कंबस्टर, तितकीच हवा, तेच तापमान असलं तरी मुंबईपेक्षा पुण्यात ब्लोआऊटची सीमा साधारण नऊ टक्क्यांनी वर येते. दुसऱ्या शहरातल्या आकड्यांशी आपले आकडे तसेच्या तसे ताडून बघू नका.

त्याहून मोठी अडचण पावसाळ्याची. ब्लोअर खोलीतली हवा घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर किलोभर कोरड्या हवेत १८ ग्रॅमच्या आसपास पाणी येतं. थंडीतल्या कोरड्या सकाळी तेच पाच ग्रॅमच्या जवळ असतं. निवृत्त फिटरकाकांनी गारांचं सांगितलं, हे त्याचंच छोटं रूप. हे पाणी उष्णता घेतं आणि सीमा वर ढकलतं. हेफा डिसेंबरमध्ये आणि एटीजे ऑगस्टमध्ये मोजलं तर जो फरक दिसेल त्यात ऋतूचा वाटा किती हे सांगता येणार नाही. एकतर ड्रायर लावलेली कंप्रेसरची हवा घ्या, नाहीतर एकाच दिवशी सगळी इंधनं मोजा आणि आर्द्रता नोंदवा.

नळीची भिंत. कंबस्टर जितका लहान, तितकी आतल्या गॅसच्या मानाने भिंत जास्त, आणि ती उष्णता खेचत राहते. सकाळची पहिली चाचणी गार भिंतीवर होते, दुपारची तापलेल्या भिंतीवर. दुपारी लावलेलं इंधन हमखास चांगलं दिसतं. म्हणून जेट ए-१, मग नवं इंधन, मग पुन्हा जेट ए-१ असा क्रम ठेवा. दोन्ही टोकांचे जेट ए-१ जुळले तरच मधला आकडा धरायचा.

इंधन बदलताना नळी, फिल्टर, पंप सगळं नव्या इंधनाने धुऊन काढा. फिल्टरच्या घरात उरलेलं थोडंसं जेट ए-१ सुद्धा एटीजेचा सेटेन वर नेतं.

वाचनमात्र

एक साधा प्रश्न. ज्योत गेली हे ठरवता कसं? डोळ्यांनी?

भोवरा

डोळ्यांनी नाही, आणि याला कारण आहे. जेट ए-१ मध्ये अरोमॅटिक्स असतात, त्यांची काजळी होते आणि तापलेली काजळी पिवळी चमकते. ज्योत आतून खंगलेली असली तरी दिसायला दणदणीत दिसते. हेफा आणि एटीजेची ज्योत त्यामानाने निळी, फिकी. डोळ्यांवर विसंबलं तर जेट ए-१ ला फुकटचे गुण मिळतात.

आम्ही ३१० नॅनोमीटरच्या आसपासचा फिल्टर लावून ओएच रॅडिकलचा उजेड मोजतो. तो प्रत्यक्ष रासायनिक क्रिया चालू असेल तिथूनच येतो, काजळीचा त्यात त्रास नगण्य. विझण्याआधी त्या सिग्नलमध्ये खोल खड्डे पडू लागतात. तेच ते एका बाजूने जाणं आणि पुन्हा पेटणं. एटीजेमध्ये खड्डा पडला की बाहेर यायला उशीर लागतो, हेफा चटकन सावरतं. दोन इंधनांचा स्वभाव मला सीमेच्या आकड्यापेक्षा या खड्ड्यांत जास्त स्वच्छ दिसतो.

चाचणीकक्ष, आर्द्रतेचा मुद्दा फार मोलाचा. आमच्याकडे ड्रायर नाही, तोवर एका दिवसात सगळी इंधनं हाच नियम ठेवते.

पुढची पायरी अशी ठरवली आहे की इंधन नोझलच्या आधीच पूर्ण वाफ करून आत सोडायचं. मग थेंबाचा प्रश्नच उरत नाही आणि राहील तो फरक निव्वळ रसायनाचा. तेव्हा जेपी-५ ने आपला क्रम सुधारला आणि एटीजे तळाशीच राहिलं, तर वरचा अंदाज पक्का. यात कुणाला अडचण दिसते का?

निवृत्त फिटर

अडचण एकच, पण मोठी. जेट इंधन नळीत तापवलं की दीडशे अंशांच्या पुढे त्यात विरघळलेला ऑक्सिजन त्याच्याशी भांडू लागतो आणि नळीच्या आत काळा चिवट थर धरतो. इंजिनाच्या नोझलमध्ये असा कोक धरला की फवारा एका बाजूला कलतो, हे मी स्वतःच्या हाताने खरवडून काढलंय. तुमची बारीक नळी तर लवकरच तुंबेल, आणि प्रवाह बदलला की मापही गेलं. तुंबलेल्या तापल्या नळीत दाब वाढतो तो धोका निराळाच, तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह लावल्याशिवाय हीटर चालू करू नका.

चाचणीकक्ष

काकांचं बरोबर. उपाय सोपा आहे. टाकीत तळापासून नायट्रोजनचे बारीक बुडबुडे बराच वेळ सोडा, विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. नंतर टाकीवर नायट्रोजनचाच दाब ठेवा म्हणजे हवा परत शिरणार नाही. मात्र प्रवाह हळू ठेवा आणि वर येणारी वाफ गार करून परत टाकीत घ्या, नाहीतर हलका भाग उडून जाईल आणि तुम्ही मोजाल ते मूळ इंधन नसेल. हीटरची नळी शक्य तितकी आखूड घ्या आणि तिच्या आधी-नंतरचा दाब सतत बघत राहा. दोन्हींतला फरक वाढू लागला की थर धरायला सुरुवात झाली, तिथेच थांबून नळी बदलायची.

भोवरा

नायट्रोजनचा सिलिंडर आहेच. कंडेन्सर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून घेते. सुरुवात जेट ए-१ ने करते, त्याचे दोन्ही टोकांचे आकडे जुळू लागले की एटीजे लावते. निकाल याच धाग्यात टाकेन, आर्द्रता आणि भिंतीच्या तापमानासकट.